‘डिस’ म्हणजे त्रास

बोलावं तर द्वारकाबाई केळुसकरांनी! बड्या डॉक्टर राजाध्यक्षांपुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची. बाईंनी मात्र अपचन, गिळताना त्रास आणि धाप, सगळं नीट सांगितलं. नाडीला हातही न लावता डॉक्टर ऐटीत म्हणाले, “डिस्पेप्सिया, डिस्फेजिया, डिस्प्निया!”

“हे ‘डिस’ म्हणजे काय हो?”

“ग्रीक आहे ते. डिस म्हणजे त्रास. पचायला त्रास, गिळायला त्रास, श्वासाला त्रास.”

बाई हसल्या. “डॉक्टर, शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, हे खरं. पण म्हणून तिचीच भाजी तिला परत देतात का? त्रास होतो हे मीच तुम्हाला सांगितलं. तो का होतो, ते तुम्ही सांगा!”

डॉक्टरांनी मुकाट्याने गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला.