साखरेचा डबा

"...आणि आता खजूरही काढला, तरी यात अजून जड काय राहिलं, चाचा?"

दिलावरचाचांनी वाटीतलं चमचाभर चॉकलेट जिभेवर ठेवलं. गिळलं. 

डोंगरावरच्या एका निवासी शाळेचं स्वयंपाकघर चाचांनी अडतीस वर्षं सांभाळलं होतं. आता हातात काठी आली होती, तरी शिकणारे घर शोधत यायचेच. वैदेही कारखानीस ही त्यांची जुनी शिष्या. सगळ्यांत हुशार, आणि हे तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. शहरात ती हलक्या गोड पदार्थांचे वर्ग घ्यायची.

"साखर नाही, साय नाही, लोणी नाही," ती म्हणाली. "चक्का आणि कोको, बस्स. वाटीला नव्वद कॅलरी. मोजून."

"मोजलंयस झकास. खातं कोण?"

वैदेहीने न बघताच दाराकडे मान उडवली.

दाराशी खुर्चीवर तिचे वडील, नाना, बसले होते. डाव्या पायाला बँडेज होतं. बोटाची जखम अडीच महिने भरत नव्हती. पंधरा दिवसांत रक्तातली साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"रोज दोन चमचे खातात. छान झालंय म्हणतात. आणि वाटी बाजूला ठेवतात." वैदेहीचा आवाज चढला. "काल यांच्या चष्म्याच्या डबीत काय सापडलं, विचारा. बाजारच्या चॉकलेटचे कागद! चार! नीट घडी घातलेले!"

नाना फरशीकडे बघत राहिले.

"चोरी करतात, चाचा. बहात्तराव्या वर्षी..."

 चुलीवरचं दूध सुरसुरायला लागलं. चाचांनी उठून ते उतरवलं.

"तुझ्या घरात साखर कुठं असती?"

"कपाटात."

"कपाट उघडं?"

"...कुलूप आहे."

"किल्ली?"

तिचा हात आपसूक कमरेशी गेला. साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं आपण म्हणतो. वैदेहीच्या घरी देवालाही आधी तिची परवानगी काढावी लागली असती.

"मग काय करू?" ती भडकली. "आईच्या वेळी मी उघडं ठेवलं होतं सगळं. आधी पाय गेला, मग ती गेली. आता हे... मला भीती वाटते, चाचा. फार भीती वाटते."

नानांनी वर बघितलं. लेकीने हे त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. 

चाचांनी फळीवरून कोको काढला. चक्क्याचं भांडं काढलं. गरम दूध पुढे ठेवलं. आणि शेवटी साखरेचा भलामोठा पत्र्याचा डबा उचलून ओट्यावर ठेवला. डबा काठोकाठ भरलेला होता.

"नाना, या इकडं."

"मी?"

"कोको दुधात कालवा. त्यात चक्का घाला. मग फेटा, गुठळी मोडेस्तोवर. तीन वाट्या करा."

"आणि साखर?"

"साखर तुमची तुम्ही बघा."

वैदेही ताडकन उठली. "चाचा! त्यांनी जन्मात चहासुद्धा केला नाही! आणि तो डबा..."

"चल, बाहेर बसू."

"मी इथंच उभी राहते. लांबून बघते नुसती."

"बाहेर," चाचा म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

ओसरीत एकच बाक होता. दोघं बसली. आतून भांडं सरकल्याचा आवाज आला. मग चमचा फिरू लागला. एक अडाणी, अडखळता आवाज. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

मग डब्याचं झाकण निघालं. कट्.

वैदेही उठली. चाचांनी काठी तिच्यासमोर आडवी धरली.

साखरेत चमचा घुसला, तो खसखस आवाज तिने ओळखला. रोज शंभर जणांना शिकवणारी बाई ती, तिला कान पुरे होते. एकदा. ...दुसऱ्यांदा.

"दोन झाले," ती कुजबुजली. "काठी घ्या बाजूला."

चाचांनी घेतली नाही.

"तुमचं काय जातंय, चाचा? बोट त्यांचं जाईल. त्यानंतर रोज बँडेज मी बदलणार."

 चाचांची बोटं काठीवर इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली होती.

आत सगळं शांत झालं. चमचा नाही, झाकण नाही, काही नाही. वैदेहीच्या डोळ्यांपुढे उघडा डबा आला, त्यात हात घालून उभे असलेले नाना आले. असलं काही आपण बापाबद्दल डोळ्यांपुढे आणतो आहोत, याची तिला लाज वाटली. तरी चित्र हटेना.

बराच वेळ गेला...

पुन्हा एकदा खसखस झाली. झाकण बसलं. मग भांड्यात चमचा सपासप फिरू लागला, आणि बराच वेळ फिरत राहिला.

दार नानांनीच उघडलं. सदऱ्यावर कोको, कपाळावर कोको. ताटलीत तीन वाट्या, तिन्ही कमीजास्त भरलेल्या. सगळ्यांत कमी भरलेली त्यांनी स्वतःकडे ओढली.

वैदेहीने चमचा तोंडात घातला. चक्क्याची गुठळी लागली. कडवटपणा लागला. मग अगदी मागून, असून नसल्यासारखी, गोडी आली.

तिने नानांकडे बघितलं.

"दोन बशीत घेतले होते," नाना म्हणाले. "एक परत डब्यात टाकला." थोडं थांबून म्हणाले, "कडू झालंय का गं फार?"

"...हो."

"मलाही लागतंय."

तरी त्यांनी वाटी संपवली. बोटाने पुसून संपवली. वैदेही चमच्यांचा हिशेब करायचा विसरली आणि नुसती त्यांना खाताना बघत राहिली. मग पदर डोळ्यांना लावला.

निघताना नाना जपून पाय टाकत पुढे गेले. वैदेही फाटकाशी रेंगाळली. बापाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं,

"चाचा, ते साखर परत टाकतील, हे तुम्हाला कसं माहीत होतं?"

चाचांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तळव्यावरचा घाम सदऱ्याला पुसला.

"मला कुठं माहीत होतं, पोरी?"