पेढा आणि दुसरी ओळ

मोबाइल हातोहाती नव्हते तेव्हाची गोष्ट. एका मिठाईवाल्याच्या वेबसाइटवर पेढा, बर्फी, लाडू, चिवडा आणि शेव असे पाच चौकोन एका रांगेत राहत. कॉम्प्युटरचा पडदा ऐसपैस होता. पेढा सगळ्यांत पुढे, आणि त्याचा त्याला भारी तोरा.

मग चिंचोळा मोबाइल आला. "रांग मोडायची नाही, अंग चोरा," पेढ्याने दरडावलं. चोरता चोरता अक्षरांवर अक्षरं चढली. शेव तर काठाबाहेरच गेली. गिऱ्हाइकं डोळे बारीक करून बघत आणि निघून जात. पेढ्याचंही नाव कुणाला वाचता येईना.

शेवटी त्यानेच पानमावशीला, म्हणजे ते ज्या पानावर राहत तिला, विनवलं, "ज्यांना जागा नाही त्यांना खाली उतरू दे."

"खाली गेलं की मान गेला, असं तूच म्हणायचास ना?" मावशी म्हणाली. पण तिने दुसरी ओळ उघडून दिली. चिवडा आणि शेव मान खाली घालून उतरले. सगळ्यांना मोकळा श्वास मिळाला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाइल. अंगठा सहज पोचला तो खालच्या ओळीतल्या शेवेवर.

वरून पेढ्याने ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, ओळी खालून वर लावता येतात का गं?"