वजिराची हातखंडा सुरुवात

त्या राज्याची जमीन चौसष्ट घरांची होती आणि तिथे लढाईशिवाय दुसरा उद्योग नव्हता. पांढरा वजीर प्रत्येक लढाईची सुरुवात एकाच चालीने करी. उंटापुढचे प्यादे तो काळ्या प्याद्याच्या तोंडी देई. काळे प्यादे मोहाने ते मारायला जाई, थोड्याच वेळात पांढरा उंट त्यालाही गारद करी आणि मधला रस्ता पांढऱ्या फौजेला मोकळा होई. या सुरुवातीची कीर्ती मोठी होती. मेलेल्या प्याद्याची आरती व्हायची. जिवंतपणी मात्र त्याला कुणी ओळखतही नसे.

याही लढाईत उंटापुढच्या प्याद्याला टिळा लावून पाठवले. ते दोन घरे पुढे गेले आणि मान खाली घालून उभे राहिले. घाव काही येईना. त्याने वर पाहिले तर काळे प्यादे तलवार म्यान करत होते.

"मागच्या लढाईत माझ्या थोरल्या भावाने तुझ्यासारख्यालाच मारलं," ते म्हणाले. "पाठोपाठ तोही गेला. मी नाही मारत, जा."

पांढऱ्या प्याद्याच्या डोळ्यांत पाणी आले. मागून वजीर ओरडला, "अरे, तो मारत नसेल तर तू मार त्याला!"

"नाही मारणार, वजीरसाहेब. एवढी घाई असेल तर तुम्हीच या की पुढे!"

वजिराला आठही दिशांना जाता येते. त्या दिवशी त्याला एकही दिशा सुचली नाही.

"फितूर कुठला! पटाबाहेर फेकून देईन!"

"द्या फेकून. सगळ्यांनाच द्या. मग लढणार कोण?"

हे रांगेतल्या बाकीच्या प्याद्यांनी ऐकले. त्यांनी एकमेकांकडे पाहिले, भाले जमिनीवर ठेवले आणि एकेक करून ती खाली बसली. पलीकडे काळी प्यादीही बसली. घोडे तेवढे एक उडी मारून बाहेर आले आणि ओशाळून परत जागेवर गेले.

प्यादी बसली तशी पांढऱ्या राजाची नजर आयुष्यात प्रथमच सरळ पलीकडे पोहोचली. समोर काळा राजा उभा होता. तसाच मुकुट, तशीच थरथरणारी हनुवटी. दोघांच्या मध्ये उभे असे आता कुणीच नव्हते.

पांढऱ्या राजाने हळूच एक पाय मागे घेतला. मागे घर नव्हते. पट तिथेच संपत होता.