चौथा थेंब

एका राज्यात राज्याभिषेकाची रीत मोठी कठोर होती. वारसाने तलवारीच्या धारेवर अंगठा ठेवायचा आणि आपल्याच रक्ताचा टिळा सिंहासनाला लावायचा. टिळा लागला तर राजा, नाही तर प्रजा.

पण त्या घराण्याला शाप होता. राणी हेमलेखेच्या पणजोबांनी एका मायाविनीच्या गुहेतून माणिक पळवले, तेव्हा ती म्हणाली होती, "तुझ्या वंशातल्या मुलग्यांचे रक्त एकदा वाहिले की थांबणार नाही." शाप मुलींच्या अंगात निजायचा आणि त्यांच्या मुलग्यांत जागा व्हायचा. राणीचे दोन्ही भाऊ टिळा लावता लावताच गेले. तेव्हापासून गादी तीच सांभाळत होती. तिच्या एकुलत्या मुलाचा, कुवलयाचा, पहिला दात पडला, तर रक्त थांबायला तीन दिवस लागले.

म्हणून कुवलय जपून वाढला. पाऊल टाकण्याआधी जमीन पाहायचा, हात लावण्याआधी कड पाहायचा. राणीचा चुलतभाऊ व्याघ्रसेन मिशीला पीळ देत म्हणायचा, "भाचा कसला, काचेचे भांडे आहे. टिळा मीच लावणार."

कुवलयाला अठरावे लागले. दसऱ्याला अभिषेक ठरला आणि दसरा तर नऊ दिवसांवर आला. तेवढ्यात सज्ज्यावर एक भारद्वाज येऊन बसला आणि बोलू लागला. पक्षी बोलला याचे कुणाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याच्या बोलण्याचे.

"माणिक परत नेऊन द्या, शाप सुटेल. वाटेत तीन ठाणी आहेत. तिथे ज्याचे रक्त सांडेल त्याचा दगड होईल. शंभर वीर गेले, शंभर दगड उभे आहेत."

राणी म्हणाली, "जाऊ नकोस, बाळा. राज्य गेले तर जाऊ दे."

"राज्यासाठी नाही जात, आईसाहेब. तुम्हाला निर्धास्त झोपलेले मी कधी पाहिले नाही."

त्याने माणिक कमरेला बांधले आणि भारद्वाजामागे निघाला. भाच्याआधी आपणच ठाणी जिंकून दाखवू, म्हणून व्याघ्रसेनाने घोडा पिटाळला.

पहिले ठाणे काटेवनाचे. व्याघ्रसेन तलवार फिरवत आत घुसला. बोरीच्या काट्याने कान फाडला आणि सहाव्या पावलाला त्याचा दगड झाला, मिशीसकट. कुवलय मात्र खाली वाकला. सशांची वाट शोधली आणि पोटावर सरपटत पार गेला.

दुसरे ठाणे दरीवरच्या पुलाचे. पूल सगळा तलवारींचा. काहींची धार वर, काहींची बोथट पाठ वर. ज्याने जन्मभर धारा न्याहाळल्या त्याला पाठ हुडकायला कितीसा वेळ? एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर पाऊल टाकत कुवलय पलीकडे पोहोचला. त्याचे काळीज धडधडत होते, पण आयुष्यात पहिल्यांदाच आनंदाने.

तिसरे ठाणे गुहेच्या दगडी दाराचे. दार म्हणाले, "वीरा, रक्ताचा एक थेंब दे, मी उघडतो. आलेल्या प्रत्येकाने दिला."

इतके जिंकून आलेला जीव तो, त्यालाही मोह झाला. अंगठा कमरेच्या कट्यारीपर्यंत गेला. मग त्याने हात मागे घेतला.

"माझ्याकडे द्यायला एकही थेंब नाही."

"नाही म्हणणारा तू पहिलाच," दार म्हणाले आणि उघडले.

आत म्हातारी मायाविनी बसली होती. तिने माणिक ओंजळीत घेतले, डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "जा. सुटलास." बाहेर शंभरावर दगड माणसे होऊन आळस देऊ लागले. व्याघ्रसेन कान धरून गुपचूप घरी परतला.

पण शाप खरेच सुटला, हे कळावे कसे? कापल्याशिवाय नाही.

दसऱ्याला दरबार भरला. राणीने सिंहासनाचा कठडा घट्ट धरला होता. कुवलयाने धारेवर अंगठा ठेवला. एक थेंब पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. त्याने टिळा लावला आणि अंगठा सगळ्यांसमोर उंच धरला. चौथा थेंब आलाच नाही.

नगारे झडले, पण राणीला ते ऐकू आले नाहीत. तिने मुलाला कवटाळले, अठरा वर्षांत कधी कवटाळले नव्हते इतके घट्ट. सवयीने कुवलय म्हणाला, "आईसाहेब, हळू."

तिने मिठी सैल केली नाही. त्या माउलीला जसे सुख लाभले, तसे ते सर्वांना लाभो.