बांधावर कोण?

खाडी आणि उंबरखारची भातशेती यांच्यामध्ये हा लांब मातीचा बांध आहे. त्याच्या मधोमध तेलाच्या घाण्याचा जुना दगड पुरलेला दिसेल. त्यावर पाय ठेवू नका, पाहुणे. गावात सण कोणाचाही असो, आधी बांधाकडे तोंड करून हाक जाते, "बांधावर कोण?" उत्तर आल्याशिवाय नारळ फुटत नाही की नमाज सुरू होत नाही.

फार पूर्वीची गोष्ट सांगतात. नारळी पौर्णिमा शनिवारी आली होती. भरदुपारी उधाण चढत होते आणि आगरी-कोळी झाडून सगळे किनाऱ्यावर जमले होते. मुसलमान मोहल्लाही सण पाहायला आला होता. गोदाबाय आगरिणीचा जीव मात्र नाचात रमेना. तिची लेक चिमी दहा दिवसांची बाळंतीण, बाळाला घेऊन बांधाखालच्या खोपटात एकटीच होती.

"बांधाव कोन हाय रं?" तिने सहज विचारले.

आगरी समजत होते, सण आपला, तेव्हा मोहल्ल्यातले कोणी असेल. मोहल्ला धरून चालला होता, एलोजी तेली घरीच आहे, तो बघेल. एलोजी इस्रायली, म्हणजे ज्यू; शनिवार त्याच्या धर्मात विसाव्याचा, त्या दिवशी तो कामाला हातच लावत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ढोल थांबले. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

गोदाबाय धावत सुटली. बांधाजवळ येताच तिला आधण खदखदावे तसा आवाज ऐकू आला. चिंबोरी खेकड्याने पोखरलेले भोक घागरीएवढे झाले होते, आणि त्याला पाठ लावून एलोजी उभा होता. ओटीवरून पाणी दिसताच तो शनिवार मोडून धावला होता. चिमीला बाळासकट त्याने बांधावर चढवले होते.

"गोदाबाय, लेकीला घेऊन पळ! माझी पाठ आता टिकत नाही."

तिचा पाय निघेना. या माणसाला सोडून जायचे कसे?

"पळ, बाय!"

तिने चिमीला ओढत नेले. मागे बांध गेला तो आवाज ती मरेपर्यंत विसरली नाही म्हणे. एलोजी कोणाला सापडला नाही.

बांध पुन्हा घातला तेव्हा गोदाबायने एलोजीच्या घाण्याचा दगड त्यात पुरायला लावला आणि गावाला शपथ घातली, सण एकाचा, पहारा दुसऱ्याचा. तेव्हापासून दिवाळीला मोहल्ला बांधावर बसतो, ईदेला आगरी.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि असा सण आला, जो सगळ्यांचाच; पहाऱ्याला दुसरा कोणी उरलाच नाही. शाळेपुढे सगळा गाव जमला, झेंड्याची दोरी हातात घेतली आणि हाक गेली, "बांधावर कोण?" उत्तर आले नाही. म्हाताऱ्यांना एलोजीची गोष्ट आठवली. सगळा गाव झेंडा काठीसकट उचलून बांधाकडे धावला.

आजही पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला उंबरखारचा झेंडा बांधावरच लागतो. हाक होते, सगळे मिळून "आम्ही!" म्हणतात. मग घटकाभर पायाखालून पाणी खदखदल्याचा आवाज येतो का, ते ऐकत उभे राहतात.