पिल्लाचं माहेर

कराडचे आबासाहेब शितोळे जातिवंत कुत्र्यांची पिल्लं विकत, पण तोरा असा, की जणू गिऱ्हाइकावर उपकारच करतायत. प्रमिलाकाकू जगदाळे पिल्लू घ्यायला गेल्या, तेव्हा पडवीत दोन-चार गिऱ्हाइकं आधीच मुकाट बसली होती.

आबासाहेबांनी एक गुबगुबीत मादी पिल्लू काकूंच्या मांडीवर ठेवलं. तिनं पदर चावायला घेतला आणि काकू विरघळल्याच. तरी म्हणाल्या, "हिची आई बघू द्या की."

"आई कशाला? आमच्या नावावर लोक डोळे मिटून पिल्लं नेतात," आबासाहेब गुरगुरले. "शिवाय तिला बरं नाही. ती बाहेर येणार नाही."

काकूंनी पदर सोडवून घेतला. "आबासाहेब, दिवाळीनंतर तुम्ही मुलासाठी आमच्या पुतणीला बघायला आला होता. पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणालात, 'आधी आईला बाहेर बोलवा. आई बघितल्याशिवाय मुलगी कळत नाही.' माझी जाऊ तापानं फणफणलेली, तरी उठून आली. तुमची कुत्री माझ्या जावेपेक्षा मानाची आहे का?"

पडवी खदखदून हसली. आबासाहेबांना मागचं दार उघडावंच लागलं. आत एक हाडकुळी कुत्री साखळीला बांधलेली होती. लेकीला बघून तिनं शेपटी हलवली. हसणारे आता आबासाहेबांकडे बघू लागले. आबासाहेबांची मान खाली गेली.

काकूंनी स्वतःच साखळी सोडली.

"मुलगी पसंत आहे, आईही पसंत आहे," त्या म्हणाल्या. "घराणं तेवढं पसंत नाही. म्हणून दोघींनाही घेऊन जाते."