परक्यांची पिल्लं

फार पूर्वी एका घारीने कावळ्यांच्या म्होरक्याच्या चोचीतली भाकरी पळवली. त्याने लगेच चिंचेवर सभा भरवली.

"घारीशी लढायचं," तो म्हणाला. "आपल्या घरट्यांत कोकिळेची पिल्लं फुकट खातायत. पंख फुटले की त्यांनाच पुढे पाठवू."

सगळ्यांना हे पटलं. परक्यांचीच तर होती.

पंख फुटल्यावर म्होरक्या घरटी धुंडाळू लागला. "आमच्यात परकं कुणी नाही, शेजारी बघा," प्रत्येक कावळीण म्हणाली आणि पंख पसरून बसली.

शेवटी तो स्वतःच्या घरट्याशी आला.

"अहो, आपल्याकडे एक आहे," त्याची कावळीण म्हणाली. "कोकिळेला घरट्यातून उडताना मीच पाहिलं होतं. पण चारांतलं कोणतं, ते मला ओळखता येत नाही. तुम्हीच निवडा."

म्होरक्याने पाहिलं. चारही काळी होती आणि चारही त्याच्याकडे बघून चोची उघडून बसली होती. तो संध्याकाळपर्यंत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सभेत कुणीतरी विचारलं, "मग लढाई कधी?"

"भाकरी तशी शिळीच होती," म्होरक्या म्हणाला.